स्टेपनीच्या हवेवर काढलेले डोळे

वनमाला, परवा तुझ्या एअरब्रशची सुई माझ्या हातून वाकली.

तू गेल्यावरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले, आणि घर एकदम रिकामं झालं. मला वाटलं, निदान तुझं हत्यार तरी साफ करून ठेवावं. कपात निळा रंग वाळून बसला होता. मागची टोपी उघडली, सुई बाहेर ओढली, ओल्या फडक्यानं पुसली. परत घालताना टोक कुठंतरी आत अडकलं आणि केसाएवढं वाकलं. तू असतीस तर अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असतं. "पाट्या रंगवनाऱ्या मानसानं सुईले हात कायले लावावं?" असंच काहीतरी. मी खरोखर दोन क्षण तसाच थांबलो, तू बोलशील म्हणून. कोणी बोललं नाही. मग मला रडू आलं. तुझ्या मातीच्या दिवशी आलं नव्हतं, लोक माझ्याकडे पाहून कुजबुजत होते, ते परवा आलं, एका सुईसाठी. लेकीला फोन केला तर ती नागपुराहून म्हणाली, बाबा, नवी सुई ऑनलाइन मिळते. मिळत असेल. मला तिच्यावरच राग आला.

नव्व्याण्णव साली आपलं लग्न झालं, तेव्हापासून मी या यंत्राचा शत्रू. तुझ्या मामाचा गोंदियात फोटो स्टुडिओ होता. काळ्यापांढऱ्या फोटोंना रंग देणं, फाटलेला कान जोडणं, लग्नाच्या गर्दीतून एक माणूस वेगळा काढून त्याच्यामागं आभाळ भरणं, हे सगळं तू तिथं शिकलीस. आंदणात भांडी आली, पलंग आला आणि स्टीलच्या एका डब्यात कापसात गुंडाळलेला हा एअरब्रश आला. कामठ्याच्या घरी माझ्या मायनं डबा उघडला आणि घाबरून झाकण लावलं.

"हे काय व? सुई हाय का? पेंटरानं डाक्टरीन आनली का काय?"

तू नवी नवरी. मान खाली घालून बसायचं सोडून सरळ उत्तर दिलंस, "नाई व माय, याच्यातून रंग निंगते."

"रंग? मंग याची पिचकारी म्हना ना," मी म्हणालो. सगळे हसले. तू नाही हसलीस. तेव्हापासून तुझ्या एअरब्रशला मी पिचकारीच म्हणत आलो, आणि तू दर वेळी तितकीच चिडलीस. पंचवीस वर्षांच्या संसारात एकाच चेष्टेवर न कंटाळता चिडणारी बायको नशीबवानालाच मिळते.

मी ब्रशचा माणूस. शटर, गाड्यांचे नंबर, राइस मिलची नावं, निवडणुकीच्या भिंती. माझं अक्षर चांगलं होतं, तूही ते मान्य करायचीस. पण चेहरा म्हटलं की माझा हात अडखळायचा. एकदा तुझ्यासमोर मोठ्या तोऱ्यात ते यंत्र हाती घेतलं. कळ खाली दाबली की हवा, मागं ओढली की रंग, दोन्ही एकाच बोटानं. त्यात काय एवढं? पहिल्याच दाबाला रंग कागदावर चहूकडे कोळ्याच्या पायांसारखा पळाला. तू पदरात तोंड घालून हसलीस आणि म्हणालीस, "तुमी ढकलून राहिले. याले ढकलाचं नाई, सोडाचं. ब्रश रंग फासते, हा रंग बसवते." या वाक्यावर आपलं किती वर्षं भांडण चाललं! मी म्हणायचो, रेघ नाही तर चित्र नाही. तू म्हणायचीस, माणसाच्या तोंडावर रेघ असते कुठं, दाखवा. मी दाखवू शकलो नाही, पण हार मानलेली नाही. ते भांडण अजून माझ्या बाजूनं उघडंच आहे.

गोंदियातल्या आपल्या दुकानावर पाटी होती 'रामटेके पेंटर'. गिऱ्हाईक माझ्याशी बोलायचं, काम तू करायचीस. मेलेल्या माणसाचा अंगठ्याएवढा फोटो घेऊन लोक यायचे आणि तू त्यातून हातभर चेहरा उभा करायचीस. रंग गाईच्या दुधाइतका पातळ, म्हशीच्या नाही, हे तुझं माप. एकावर एक इतके पातळ थर, की पहिले काही दिसायचेच नाहीत. मी म्हणायचो, नुसती हवा मारून राहिली का? आणि मग हळूच गाल वर यायचा. चित्र न्यायला आलेले लोक माझा हात हातात घेऊन म्हणायचे, पेंटर, जिवंत केलं तुमी. मी म्हणायचो, मी नाही, ही. ते तुझ्याकडे बघून हसायचे, बायकोचं कौतुक करणारा नवरा म्हणून मलाच आणखी शाबासकी द्यायचे, आणि जायचे. मला याची चीड यायची. तुला यायची की नाही, हे तू कधी कळू दिलं नाहीस.

मग ते लोडशेडिंगचे दिवस आले. एअरब्रशला हवा देणारा कॉम्प्रेसर दिवसाचा अर्धा वेळ मुका. दुसरी बाई असती तर हात बांधून बसली असती. तू समोरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे गेलीस आणि जीपची जुनी स्टेपनी काठोकाठ हवा भरून मागितलीस. चाचा आधी चक्रावले, मग म्हणाले, "भाभी, हवा जितनी चाहिए ले जाओ, बस पहिया लौटा देना." स्टेपनीच्या तोंडाला नळी, नळीला एअरब्रश. एका स्टेपनीत एक चेहरा. आणि काय हुशारी तुझी! चाक टम्म असताना जोर जास्त, तेव्हा मागचं आभाळ आणि अंगावरचे कपडे भरायचीस. जोर उतरत चालला की गाल, मग ओठ. शेवटची उरलेली हवा डोळ्यांसाठी. मी विचारलं, उलट काऊन नाही करत, डोळे आधी? तू म्हणालीस, "हवा कमी झाली का हातही हळू होते. डोळे तवाच." मला तेव्हा ते उगाच वाटलं होतं.

त्या हवेत पाणी असतं, हे मात्र आपल्याला चुकून कळलं. एका म्हाताऱ्याचा चेहरा पुरा होत आला होता आणि एअरब्रश खोकल्यासारखा शिंकला; गालावर बरोबर एक काळा थेंब. पुसायला जावं तर खालचे सगळे थर जाणार. तू जरा वेळ पाहिलंस आणि त्याचा तीळ केलास. न्यायला आले तेव्हा तू सरळ सांगितलंस, हा तीळ माझ्या चुकीचा आहे, दुसरं काढून देते. म्हाताऱ्याचे दोघं पोरगे म्हणाले, आमच्या बापाले तीळ नोता. म्हातारी पुढं आली, चित्र जवळून पाहिलं आणि पोरांवर गरजली, "तुमाले काय मालूम व्हय? होता." चित्र तसंच गेलं. तीळ खरंच होता की नाही ते तिलाच ठाऊक. त्यानंतर चाचांनी मोटरसायकलचा पेट्रोल फिल्टर कापूस भरून मधे बसवून दिला आणि थेंब बंद झाले.

अशातच फ्लेक्स आला. रात्री फोटो द्या, सकाळी दहा फूट चेहरा घ्या. माझ्या पाट्या गेल्या, तुझे चेहरेही कमी होत गेले. त्याच उन्हाळ्यात दवनीवाड्याचे बन्सोडकाका दुकानात आले. विहार समितीचे अध्यक्ष, रेल्वेतून रिटायर झालेले, बोलायला फटकळ पण मनानं सरळ. नव्या विहाराच्या मागच्या भिंतीवर बुद्धाचा चेहरा हवा होता, माणसाहून मोठा. समितीतले अर्धे म्हणत होते, फ्लेक्स लावा. काकांना हाताचं काम हवं होतं. "पेंटर, बुद्धपौर्णिमेले लोकं बसतीन, तवापर्यंत पाहिजे." मी म्हटलं, तिच्याशी बोला, चेहरा ती काढते. काका तुझ्याकडे वळून हो म्हणाले आणि पुढचं सगळं परत माझ्याशीच बोलले.

त्या वैशाखातलं ऊन तुला आठवतं ना? भिंत हात लावू देत नव्हती. रंग नळीतून निघायचा आणि भिंतीला पोचायच्या आतच वाळून भुकटी व्हायचा. पहिल्या दिवशीचं काम हातानं झटकलं तर पिठासारखं खाली आलं. मी म्हणालो, सोड. तू गावातल्या घराघरातून बारदानं मागून आणलीस, ओली करून खिडक्यांना टांगलीस, फरशीवर पाणी शिंपडायला लावलंस. विहारात जरा गारवा आला, आणि रंग बसायला लागला. रोज पहाटे आपण गोंदियातून दवनीवाड्याला जायचो, तू दोन टेबलांवर उभी राहायचीस आणि मी खाली बसून, रंग हवा तिथंच पडावा म्हणून, तुला कागदाचे आकार कापून द्यायचो. मला ते काम आवडायचं. हे तुला सांगितलं नव्हतं, कारण तू ते वर्षभर ऐकवलं असतंस.

पौर्णिमेच्या सकाळी चेहरा झाला होता, डोळे बाकी होते. आणि लाइट गेली. दोन स्टेपन्या होत्या, त्यातली एक पापण्यांची सावली भरण्यातच संपली, दुसरी अर्ध्यावर आली. गावातल्या पंक्चरच्या दुकानात माणूस धाडला तर तिथला कॉम्प्रेसरही लाइटवरच चालणारा. तेवढ्यात बन्सोडकाका आत आले. त्यांच्यामागं दोन जण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लांब नळकांडं घेऊन होते. समितीनं आधीच करून ठेवलेला फ्लेक्स.

"बाई, राग नोको मानू," काका म्हणाले. आणि या वेळी बोलताना त्यांनी तुझ्याकडेच पाहिलं. "सांजच्याले चार गावचे लोकं येतीन. बिनडोळ्याच्या बुद्धापुढं कसं बसवू त्याईले? दुपारपावतर नाई झालं तं हा टांगाच लागन."

"टांगा," तू वरूनच म्हणालीस. "पन माया भिंतीवर खिळा मारू नोका."

मला राहवलं नाही. मी माझा बारीक ब्रश काढला आणि म्हणालो, दे, दोन रेघा ओढतो, डोळे झाले समज. तू माझ्याकडे असं पाहिलंस, की मी ब्रश परत खिशात घातला. "तुमी ओढले तं बुद्ध दुकानाच्या शटरवून पायल्यासारखा दिसन. पंप पाहा कुठं भेटते का."

सायकलच्या दुकानातून पायानं मारायचा मोठा पंप मिळाला. मी मारला, काकांनी मारला, फ्लेक्स आणणाऱ्या दोघांनीही मारला. जीपचं चाक ते. आमचा दम गेला, चाकात हवा काही दिसेना. तेव्हा स्वयंपाकाला आलेल्या बायांतून शेवंताबाई उठली. बिड्या वळून, धानाची रोवणी करून हाडं वाळलेली बाई. पदर खोचत पुढं आली आणि मला बाजूला सारून म्हणाली, "सरा जी. धानाचं पोतं उचलतो आमी. हवा काय भारी हाय?"

मग तिथं जे झालं ते मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. बायांची रांग लागली. एक दमली की दुसरी. भात चुलीवर, आणि बाया पंपावर. एक स्टेपनी तुझ्या नळीला, दुसरी त्यांच्या पायाखाली. वर तू, नाकाला फडकं नाही, चष्म्यावर रंगाचे कण, बोट कळीवर, आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर एअरब्रश. पंपाचा आवाज आणि तुझ्या हवेची बारीक शीळ. उजवा डोळा आला. मग डावा. अर्धे मिटलेले, खाली पाहणारे. तू रेघ कुठंच मारली नाहीस, नुसती सावली दाट करत गेलीस, आणि एका क्षणी ते डोळे होते. शेवटी तर हवा इतकी मंद झाली होती, की आरशावर कोणी श्वास सोडावा तसा रंग पडत होता. तू मुद्दाम दुसरी स्टेपनी घेतली नाहीस. खाली उतरलीस, पाणी मागितलंस आणि भिंतीकडे पाठ करून प्यालीस. बन्सोडकाका चित्राकडे पाहत उभे होते. जरा वेळानं त्यांनी त्या दोघांना खूण केली आणि ते प्लास्टिकचं नळकांडं आल्या वाटेनं बाहेर गेलं.

मला अभिमान वाटला म्हणणं कमी आहे. वाटत होतं, बाहेर जाऊन गावातल्या प्रत्येक माणसाला दंडाला धरून आत आणावं.

संध्याकाळी विहार भरला. वंदना झाली, आणि काका माइकवर आले. भिंतीकडे हात केला, आणि जिभेला लागलेली सवय ती, म्हणाले, "एवढं सुंदर चित्र आपले रामटेके पेंटर याईनं काढून देलं, त्याईसाठी टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजायला लागल्या. मी उठलो, नाही म्हणण्यासाठीच उठलो. पण त्याच्या आधी बायांच्या बाजूनं तुझा आवाज आला. मोठा नव्हता, साधा, पाणी मागतात तसा.

"काकाजी, थे चित्र मी काढलो."

टाळ्या थांबल्या. आणि मग शेवंताबाई बसल्या जागेवरून ओरडली, "अना हवा आमी भरलो!"

असा हशा पिकला, की काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी माइकवरच हात जोडले आणि तुला पुढं बोलावलं, चार शब्द बोल म्हणून. तू उभी राहिलीस, नाकाला अजून निळा रंग. सगळा विहार कान देऊन बसला. तू म्हणालीस, "कोनी हात लावू नोका. रंग दोन दिवस कच्चा हाय." आणि खाली बसलीस. मी तिथं उभाच होतो. बसायचं मला सुचलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी दुकानाची पाटी उतरवून नवी लिहिली. 'वनमाला आर्ट'. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं अक्षर आहे ते, तू काही म्हण. तू म्हणालीस, 'ला'चा काना तिरपा झाला. तिरपा नव्हता. त्यानंतर आजूबाजूच्या गावांतून भिंती आल्या, देवीच्या मंडळांचे पडदे आले, नाटकवाल्यांचे पडदे आले. फ्लेक्सच्या काळात हवेनं रंगवणारी बाई म्हणून लोक तुझा पत्ता विचारत यायचे. आता मी कागद कापायचो आणि ते तुझ्याशी बोलायचे.

एकच भांडण मला जिंकायचं होतं, आणि तेच हरलो. नाकाला फडकं बांध, असं मी किती वर्षं म्हणालो. तू शिंकायचीस तर रुमालावर निळं यायचं, हिरवं यायचं. तू म्हणायचीस, फडकं बांधलं की चष्म्यावर वाफ येते, दिसत नाही. फार मागं लागलो की म्हणायचीस, "तुमी बिडी सोडा, मंग मी फडकं बांधतो." ना मी सोडली, ना तू बांधलंस. दवाखान्यात मी डॉक्टरांना विचारलं, हे रंगानं झालं का? ते म्हणाले, तसं सांगता येत नाही, फुप्फुस कशानंही खराब होतं. त्यांनी खरं ते सांगितलं असेल. मी मात्र अजून तुझ्यावर रागावलेलो आहे, वनमाला. हा राग कुठं ठेवावा ते कळत नाही. बिडी समोर पडली आहे. सौदा करायला तू नाहीस, तर सोडायची कोणासाठी, आणि ओढायची तरी कशी?

शेवटच्या दिवसांत तुझा श्वास तोकडा झाला होता. नळी नाकाला, आणि तू बोटानं चादरीवर कळ दाबल्यासारखं करायचीस. खाली, मग मागं. मी विचारलं, काय रंगवून राहिलीस? तू डोळे मिटूनच म्हणालीस, "बोलू नोका. हात हालते." मी बोललो नाही. तुला सांगायचं होतं ते तसंच राहून गेलं. सांगायचं होतं, की मी रेघेचा माणूस असूनही तुझ्याइतका पक्का हात कुठं पाहिला नाही. की दवनीवाड्याला काम असो नसो, मी अधूनमधून जायचो आणि मागं बसून त्या डोळ्यांकडे पाहून यायचो. तुला वाटायचं, मी चौकात गप्पा मारत बसलो असेन.

तू गेल्यापासून लोक भेटायला येतात. काल राइस मिलकडचे कोणी दोघं आले, ओळखीचे नव्हते, पत्ता विचारत आले. दारात उभे राहून एक दुसऱ्याला हळूच म्हणाला, "हेच घर. पेंटरची बायको गेली."

मी आतून ऐकलं. उठलो, चप्पल घातली नाही, तसाच दारात गेलो.

"बायको नाही भाऊ," मी म्हणालो. "पेंटर गेली. मी तिचा नवरा."